सिमसिम की तीळ?

किराणा दुकानात जाऊन ‘अर्धा किलो सिमसिम द्या’ म्हटले, तर दुकानदार आपल्या तोंडाकडे बघत राहील. ‘अर्धा किलो तीळ द्या’ म्हटले, तर निमूटपणे पुडी बांधून देईल. खरे तर दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. अरबीत तिळाला ‘सिमसिम’ म्हणतात. अलीबाबाच्या गोष्टीतली चोरांची गुहा ज्या शब्दाने उघडते, तो हा शब्द. हिंदी-उर्दूत तो तसाच राहिला, ‘खुल जा सिमसिम’. मराठीत मात्र कुणीतरी सरळ मराठी करून टाकले, ‘तिळा तिळा, दार उघड’.

लहानपणी मी दोन्ही ऐकले. जुन्या नाशकातल्या आमच्या घरी आजी दखनीत गोष्ट सांगायची, तेव्हा दार सिमसिमने उघडायचे. नगरपालिकेच्या शाळेत बाई तीच गोष्ट सांगायच्या, तेव्हा ते तिळाने उघडायचे. मला अर्थातच सिमसिम आवडायचे, कारण त्याचा अर्थ कळत नव्हता. संक्रांतीला शेजारून येणाऱ्या लाडवातला तीळ एवढे मोठे दार उघडतो, हे काही पटायचे नाही.

पुढे बी.ए.ला मराठी घेतले, कविता लिहायला लागलो, आणि एकदा मुलांसाठी ही गोष्ट लिहून काढायची वेळ आली तेव्हा बाईंचे बरोबर होते हे ध्यानात आले. गोष्टीत अलीबाबाचा भाऊ कासीम लोभाने गुहेत शिरतो. सोने पाहून त्याचे भान हरपते आणि बाहेर पडायचा शब्दच तो विसरतो. एका धान्याचे नाव होते एवढे त्याला आठवते. मग तो जवाचे नाव घेतो, आणखी धान्यांची नावे घेतो. दार हलत नाही. चोर येतात आणि त्याचा जीव जातो. आता सांगा, ‘सिमसिम’ म्हणजे तीळ हे ज्या मुलाला ठाऊक नाही, त्याला कासीम मध्येच जव-गहू का आठवतोय हे कसे कळणार? गोष्टीचा सगळा पेचच निसटतो. सिमसिम कानाला गोड, पण गोष्टीचे काम तीळच करतो.

मुलांच्या अद्भुतकथांचे भाषांतर करताना मला हीच एक कसोटी उपयोगी पडत आली आहे. शब्दाचा अर्थ काय हे शब्दकोश सांगतो. तो शब्द गोष्टीत काय काम करतो हे कोश सांगत नाही, ते गोष्टीला विचारावे लागते.

अलीबाबाची ही गोष्ट आपल्याकडे आली तीच मुळी मजल दरमजल करत. आंत्वान गालाँ नावाच्या फ्रेंच पंडिताने १७०४ पासून ‘अल्फ लैला’चे फ्रेंच भाषांतर छापायला सुरुवात केली. अलीबाबाची गोष्ट त्याच्याजवळच्या अरबी हस्तलिखितात नव्हतीच. पॅरिसला आलेल्या हलब शहरच्या हन्ना दियाब या तरुणाने ती त्याला १७०९ मध्ये तोंडी सांगितली. अल्लाउद्दिनाचीही तीच कथा. फ्रेंचमधून या गोष्टी इंग्रजीत गेल्या, आणि इंग्रजीवरून कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला घेतल्या. पुढे विष्णुशास्त्र्यांचाही त्यात हात लागला. अरबी गोष्टी पुण्याच्या शास्त्रीबुवांच्या घरातून महाराष्ट्रभर गेल्या, याची मला नेहमी गंमत वाटते. ‘सुरस आणि चमत्कारिक’ ही जोडी तर मराठीत इतकी रुळली की आता ती पुस्तकाच्या नावातून आली हेही कुणाला आठवत नाही. (गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजी अरेबियन नाइट्सचे सोळा खंडांत मराठी केले, पण ते मोठ्यांसाठी. ते मुलांच्या हाती पडू देऊ नका, किंवा पडले तर आपण पाहिले नाही असे दाखवा.)

भाषांतरकारापुढचा पहिला पेच असतो नावांचा. ‘ॲलिस इन वंडरलँड’ हे लुइस कॅरलचे १८६५ सालचे पुस्तक देवदत्त नारायण टिळकांनी मराठीत आणले ते ‘जाईची नवलकहाणी’ या नावाने. हे देवदत्त म्हणजे ‘स्मृतिचित्रे’मधला दत्तू, रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंचा मुलगा. लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे, त्यामुळे आम्हा नाशिककरांना या पुस्तकाचा थोडा जास्तच अभिमान. ॲलिसची जाई केली म्हणून नाक मुरडणारे लोक मी पाहिले आहेत. मूळ नाव बदलणे म्हणजे मूळ लेखकाचा अपमान, असे त्यांचे म्हणणे. पण इंग्रजांनी तरी दुसरे काय केले? ज्यूल व्हर्नच्या पृथ्वीच्या पोटातल्या प्रवासाचे इंग्रजी भाषांतर १८७१ मध्ये निघाले, त्यात ॲक्सेल या नायकाचा चक्क हॅरी झाला आणि त्याच्या प्राध्यापक काकांचे लिडनब्रॉक हे आडनाव जाऊन हार्डविग आले. रशियनमध्ये नाबोकोवने १९२३ मध्ये ॲलिसची आन्या केली. एवढेच नव्हे, ॲलिसमध्ये इंग्रज मुलांच्या पाठ्यपुस्तकी कवितांची टिंगल आहे, तिच्या जागी त्याने रशियन मुलांना पाठ असलेल्या कवितांची टिंगल घातली. विडंबन कळायला मूळ कविता पाठ असावी लागते. लंडनची कविता नाशिकच्या मुलाला पाठ नसते, तेव्हा हाच मार्ग उरतो.

ॲलिस ही कुठल्याही घरातली, दुपारी कंटाळलेली मुलगी आहे. ‘ही तुझ्यासारखीच’ असे वाचणारीला वाटावे, हे तिच्या नावाचे काम. ते जाई उत्तम करते. हॅरी पॉटरचे तसे नाही. तो लंडनच्या स्टेशनावरून आगगाडीत बसतो, त्याची शाळा, तिथली वसतिगृहे, खाणेपिणे सगळे इंग्रजी आहे. त्याला हरी कुंभार केला तर मुले पहिल्याच पानावर हसतील, आणि तेही नको तिथे. तिथे हॅरी हॅरीच हवा. म्हणून नावे बदलावीत की ठेवावीत, असा वाद कुणी माझ्याशी घालायला आला की मी विचारतो, कुठले नाव आणि कुठली गोष्ट?

काही वेळा तर भाषांतर झाले हे कळतही नाही. माझ्या पिढीने ‘चांदोबा’तल्या चालू कादंबऱ्यांवर बालपण काढले. दर महिन्याला गोष्ट नेमकी दरडीवरून खाली पडताना थांबायची आणि पुढचा महिना जाता जात नसे. चांदोबा मद्रासहून छापून येत असे. तेलुगू-तमिळ ‘चंदामामा’ १९४७ मध्ये सुरू झाला, मराठी चांदोबा १९५२ मध्ये. त्या चित्तथरारक कादंबऱ्या दासरी सुब्रह्मण्यम नावाचे गृहस्थ तेलुगूत लिहीत आणि त्या सगळ्या भाषांत जात. खाली लेखकाचे नाव नसे, भाषांतरकाराचे तर नसेच. राजे, मांत्रिक, राक्षस यांची नावे संस्कृत वळणाची असल्यामुळे ती तेलुगूतून मराठीत विनातिकीट येत. चांदोबा बंद पडून आता दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. आम्ही तेलुगू साहित्याचे वाचक होतो, हे आम्हाला फार उशिरा कळले.

भा. रा. भागवतांचे काम वेगळ्या जातीचे. फास्टर फेणेचे जनक म्हणून ते सर्वांना माहीत आहेत, पण ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या घरात आणला तोही त्यांनीच. त्यातले ‘चंद्रावर स्वारी’ हे नाव बघा. मूळ नावात पृथ्वीवरून चंद्राकडे एवढाच रस्ता सांगितला आहे. ‘स्वारी’ म्हटल्याबरोबर मराठी मूल घोड्यावर बसलेच. भाषांतरात नेहमी काहीतरी हरवते असे म्हणतात. कधी कधी असे मिळतेही.

हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाचे मराठी नावही असेच मिळकतीचे आहे. मूळ पुस्तक १९९७ चे. त्यातला ‘फिलॉसॉफर्स स्टोन’ आपल्या वाचकांना समजणार नाही म्हणून अमेरिकेतल्या प्रकाशकाने नावच बदलले. हिंदीत ‘पारस पत्थर’ झाला. मराठीत बाळ ऊर्ध्वरेषे यांच्या भाषांतराचे नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. तीन अक्षरे. लोखंडाचे सोने करणारा परीस आपल्याला संतांच्या अभंगांपासून ओळखीचा. अर्थात एक कोपरा दुमडला जातोच. त्या इंग्रजी दगडापासून अमर करणारे पेयही तयार होते, आणि खलनायकाला हवे आहे ते पेय. आपला परीस सोने करतो, अमर करत नाही. पण ते काम पुढे गोष्ट करून घेते. नावाने दार उघडले, एवढे पुरे.

याच मालिकेतल्या दुसऱ्या भागात भाषांतरकारांना घाम फोडणारी एक जागा आहे. टॉम मार्व्होलो रिडल या नावाची अक्षरे उलटसुलट लावली की ‘मी लॉर्ड व्होल्डेमॉर्ट आहे’ असे इंग्रजी वाक्य तयार होते. रहस्याचा स्फोट त्या अक्षरांतच. मग दुसऱ्या भाषेत करायचे काय? स्पॅनिशमध्ये मधले नाव सोर्व्होलो केले, म्हणजे त्यातून स्पॅनिश ‘सोय लॉर्ड...’ निघते. फ्रेंचांनी मधले नाव चक्क एल्व्हिस ठेवले. कोड्यासाठी एवढ्या भयंकर जादूगाराला एका गायकाचे नाव घ्यावे लागले.

आपल्याकडे अडचण आणखी एक पायरी वर आहे. इंग्रजी अक्षरे सुट्या मण्यांसारखी असतात, कुठलाही मणी कुठेही ओवा. देवनागरीत व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी चिकटून येते. ‘कि’ फोडून क इकडे आणि वेलांटी तिकडे असे करता येत नाही. म्हणून आपले शब्दखेळ अख्ख्या अक्षरांचे असतात. ‘चिमा काय कामाची’ उलटे वाचा, तेच. ‘रामाला भाला मारा’, तेच. रेडिओवर अक्षरे दाखवता येत नाहीत, म्हणून तुम्हीच मोठ्याने म्हणून पाहा. आणि आम्हा मंडळींची खोड मोडणारे ते वाक्य, ‘तो कवी डालडा विकतो’. मराठीत हे कोडे सोडवायचे, तर मूळ अक्षरांच्या मागे न धावता अशा अख्ख्या अक्षरांच्या वाटेने जावे लागते. वाट लांबची आहे, पण मुलांना ती शाळेच्या मधल्या सुट्टीपासून पाठ आहे.

याहून अवघड, पण कुणाच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे ‘तू’ आणि ‘तुम्ही’. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द. मराठीत वाक्य लिहायच्या आधी नाते ठरवावे लागते. राक्षसासारखा धिप्पाड पण मायाळू हॅग्रिड, त्याला मुले काय म्हणतील? माझे उत्तर ‘तू’, कारण तो मनाने त्यांच्याच वयाचा आहे. मुख्याध्यापक डम्बलडोरना ‘तुम्ही’, यात शंका नाही. पण ज्याचे नाव घ्यायलाही सगळे घाबरतात, त्या व्होल्डेमॉर्टशी डम्बलडोर बोलतात तेव्हा ते त्याला त्याच्या जुन्या, शाळेतल्या नावाने ‘टॉम’ म्हणतात. मराठीत तिथे ‘तू’ आले, की हा कधीकाळी यांच्या वर्गातला पोरगा होता हे एका अक्षरात कळते. इंग्रजीला ही सोय नाही. तसेच लिंगाचे. इंग्रजीत हॅरीचे घुबड ही ‘ती’ आहे. आपले घुबड नपुंसकलिंगी. मग ‘ते घुबड’ आणि ‘ती हेडविग’ अशी दुहेरी कसरत पानोपान सांभाळावी लागते.

भाषांतर करणाऱ्याने सर्वांत जास्त जपून जायची जागा म्हणजे भुताखेतांची. आपल्याकडे नुसते भूत नसतेच. सोडमुंज व्हायच्या आत मुंज झालेला मुलगा मेला तर मुंजा, तो पिंपळावर. बाई मेली तर हडळ. ब्राह्मणाचा ब्रह्मसमंध. आणि खवीस. हा शब्द अरबी ‘खबीस’वरून आला, अर्थ वाईट, गलिच्छ. गावोगावच्या समजुतीत तो मुसलमानाचे भूत मानला जातो. मेल्यावरही प्रत्येकाची जात आणि धर्म लावून ठेवणारी ही यादी पाहिली, की आमच्या समाजाचाही त्यात एक प्रतिनिधी आहे याचे मला हसू येते. पण म्हणूनच इंग्रजी शाळेच्या न्हाणीघरात रडत बसणाऱ्या मुलीच्या भुताला हडळ म्हणता येत नाही. ती बिचारी चष्मेवाली, रडवी विद्यार्थिनी आहे. तिथे साधे ‘भूत’ पुरे.

आणि ‘विच’? कोशात शब्द आहे, चेटकीण. शहरातल्या मुलांना चेटकीण म्हटले की रत्नाकर मतकरींचे ‘अलबत्या गलबत्या’ आठवते. दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेली ती चेटकीण पाहून आमची मुले खुर्चीत उड्या मारत. २०१८ पासून वैभव मांगले यांच्या चेटकिणीने नव्या मुलांना तसेच हसवले. हा शब्दाचा एक चेहरा. दुसरा मी पाहिला तो सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत. पुस्तकवाचनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. हातात एक भाषांतरित परीकथा होती, तिच्यात एक चांगली, प्रेमळ चेटकीण गावाच्या कडेला राहते आणि मुलांना मदत करते. सातवीतल्या एका मुलीने विचारले, ‘चेटकीण म्हणजे भुताळीणच ना?’ मी म्हटले, तसेच काहीसे. ती म्हणाली, ‘मग तिला गावात राहू कसं देतात?’

वर्गात कुणी हसले नाही. त्या पट्ट्यात कुणाचे मूल आजारी पडले, कुणाची गाय दगावली, की एखाद्या एकट्या बाईला भुताळीण ठरवून मारल्याच्या, घराबाहेर काढल्याच्या घटना घडल्या आहेत. सातपुड्यात तिलाच ‘डाकीण’ म्हणतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे काम केले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या खुनानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या बाईला चेटकीण ठरवून छळणे हा त्या मुलीच्या जगात फौजदारी गुन्हा आहे, आणि तोच शब्द आम्ही पुस्तकात गोंडस करून वापरतो. पुस्तक लिहिणाऱ्याने हा शब्द निवडताना अलबत्या गलबत्याला टाळ्या देणारे मूल डोळ्यांपुढे ठेवले होते. सुरगाण्याचे मूल त्याच्या डोळ्यांपुढे नव्हते. आणि खरी अडचण ही, की ज्याच्यापर्यंत इंग्रजी पुस्तक आधीच पोचते, त्याला मराठी भाषांतराची तेवढी गरज नसते. सुरगाण्याच्या मुलीला असते. तिच्यासाठी तेच एक पुस्तक आहे.

म्हणून इथेही काम विचारावे. मिठाईच्या घरात मुलांना कोंडणारी म्हातारी खुशाल चेटकीण असू द्या, तिचे काम भीती घालण्याचे. पण जादूच्या शाळेत पुस्तके वाचून शिकणारी हर्मायनी? तिला मी ‘जादूगारीण’ म्हणेन. शब्द थोडा फिका आहे, पण त्याच्यावर कुणाच्या मारहाणीचा डाग नाही. तसेच ‘मांत्रिक’. चांदोबाच्या काळी तो काळ्या झग्यातला खलनायक होता. आता तो पेपरातल्या गुन्हेगारीच्या पानावर भेटतो.

एवढी काळजी घेऊनही पुस्तक मरते ते बहुधा साध्या वाक्यांमुळे. ‘त्याने त्याचा हात त्याच्या खिशात घातला.’ हे वाक्य मी छापलेले पाहिले आहे. इंग्रजीला प्रत्येक हाताचा मालक सांगावा लागतो. मराठीत माणूस दुसऱ्याचा हात आपल्या खिशात घालत नाही, तेव्हा ‘त्याने खिशात हात घातला’ एवढे बास. अशी दहा वाक्ये आली की मूल पुस्तक मिटते, आणि घरचे म्हणतात, हल्ली मुले मराठी वाचत नाहीत. छापायच्या आधी सगळे पुस्तक एकदा मोठ्याने वाचले, तर यातला निम्मा कचरा जीभच काढून टाकते.

सध्या मी ‘तिलिस्म-ए-होशरुबा’मधले काही प्रसंग मुलांसाठी मराठीत करतो आहे. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून छापलेली ही उर्दू दास्तान आठ हजारांहून जास्त पानांची आहे. आधी मुहम्मद हुसेन जाह आणि मग अहमद हुसेन कमर यांनी ती लिहिली. तिचा खरा नायक म्हणजे अमर अय्यार, वेष बदलण्यात आणि फसवण्यात पटाईत. त्याच्याकडे एक झंबील असते, पिशवीच म्हणा, पण तिच्यात गावेच्या गावे मावतात. झंबीलला थैली म्हटले तर भाजी आठवते, झोळी म्हटले तर भिक्षा. मी ‘पोतडी’ केले. वैदूची, गारुड्याची पोतडी, जिच्यातून काय निघेल सांगता येत नाही. आमच्या गल्लीतल्या पोरांना वाचून दाखवले, तर एकाने लगेच विचारले, त्या पोतडीत दुसरी पोतडी आहे का? म्हणजे शब्द कामाला लागला.

‘तिलिस्म’ मात्र अजून अडून बसला आहे. तिलिस्म म्हणजे जादूने उभारलेला एक मुलूख. आत गेलेल्याला वाट सापडत नाही. तो कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते, आणि त्याची किल्ली एका पाटीवर लिहिलेली असते. ‘मायानगरी’ म्हणावे, तर तो शब्द पेपरवाल्यांनी मुंबईच्या सिनेमाला देऊन टाकला. ‘भूलभुलैया’ला भिंती लागतात. मग आमच्याकडचा, शेतावरून रात्री परत येणाऱ्या माणसाला लागतो तो ‘चकवा’ आठवला. माणूस रात्रभर त्याच त्या बांधावर फिरत राहतो. शब्द अस्सल आहे, मुलांना ठाऊक आहे, ऐकताना अंगावर काटाही येतो. पण चकवा एका रात्रीचा आणि एका शेताचा. त्याला राजा नसतो, फौज नसते. होशरुबात तर अफ्रासियाबसारखा बादशहा गादीवर बसलेला. वहीत सध्या ‘चकव्याचे राज्य’ असे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.